रोमन सैनिकाचा अंगरखा कोणत्या रंगाचा?

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेले मातीचे मावळे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. त्यात एक गंमत असते. पहारेकरी दरवाजापेक्षा उंच असतो आणि पायथ्याचे घर त्याच्या गुडघ्याला लागते. हे कोणाला खटकत नाही, कारण मावळा नीट दिसायला हवा आणि किल्लाही अंगणात मावायला हवा. असेच इंच-दीड इंचाचे सैनिक रंगवायचे, टेबलावर समोरासमोर मांडायचे आणि ठरलेल्या नियमांनी लढाई खेळायची, हा युरोप-अमेरिकेत मोठ्या माणसांचाही छंद आहे. त्यात प्राचीन रोमच्या सैन्याला विशेष मागणी असते. नवशिक्याला सुरुवातीलाच दोन प्रश्न अडवतात. सैनिक किती मांडायचे? आणि त्यांना रंग कोणता द्यायचा? प्रश्न साधे आहेत, पण उत्तरे शोधताना गणिताची आणि इतिहासाच्या पुराव्यांची चांगली उजळणी होते.

खेळाची पूर्वपीठिका

युद्धाला पटावर आणण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे ‘चतुरंग’ या नावातच आहेत. पण बुद्धिबळात नशिबाला जागा नाही. प्यादे घोड्याला मारते ते हमखास मारते. प्रशियातील रायस्विट्झ पिता-पुत्रांनी १८१२ ते १८२४ या काळात लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो युद्धखेळ तयार केला, त्यात चौकटींच्या जागी नकाशा आला आणि चकमकीचा निकाल फाशांवर ठरू लागला. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईला घराघरांत नेले. पुढे १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये केवळ प्राचीन काळातील युद्धांचा अभ्यास आणि खेळ करणारी ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था निघाली. १९९० च्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ या नियमावलीने तर प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या ठेवून खेळ एका लहान टेबलावर आणला.

फाशांचे काम काय, हे एका उदाहरणाने पाहू. दोन्ही खेळाडूंनी एकेक फासा टाकला, तर ३६ शक्यतांपैकी प्रत्येकाची सरशी १५ वेळा आणि बरोबरी ६ वेळा होते. आता शिस्तबद्ध रोमन तुकडीला एका गुणाची बढत द्या. तिची सरशी २१ वेळा, बरोबरी ५ वेळा आणि हार १० वेळा होते. म्हणजे शिस्तीचा फायदा मिळतो, पण विजयाची हमी मिळत नाही. आठवी-नववीच्या मुलांना हे कोष्टक स्वतः मांडता येईल.

एक बाहुली म्हणजे वीस माणसे

सम्राटांच्या काळातील रोमन लीजनमध्ये सुमारे पाच हजार माणसे असत. लीजनमध्ये दहा कोहॉर्ट आणि साधारण कोहॉर्टमध्ये सहा सेंच्युरी. सेंच्युरी म्हणजे शंभर असे आपण समजतो, पण प्रत्यक्षात तीत ऐंशी सैनिक असत. म्हणजे कोहॉर्ट ४८० जणांची. इतके सैनिक रंगवणे कोणालाच जमणार नाही. म्हणून एक बाहुली वीस माणसांच्या बदली धरतात. मग सेंच्युरीला चार आणि कोहॉर्टला चोवीस बाहुल्या पुरतात.

दुसरी अडचण जागेची. १६८ सेंटिमीटर उंचीचा माणूस २८ मिलिमीटरच्या बाहुलीत उतरवला, की प्रमाण १:६० होते. याच प्रमाणात दीड किलोमीटरच्या रणांगणाला २५ मीटर लांब टेबल लागेल! म्हणून जमिनीसाठी वेगळे प्रमाण घ्यावे लागते, समजा १:१०००. आता दीड मीटरचे टेबल पुरते. पण या प्रमाणात खऱ्या सैनिकाची उंची दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. व्हेजेशियस या रोमन लेखकाने सहा रांगांच्या व्यूहाची खोली ४२ रोमन फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर दिली आहे. टेबलावर ती सव्वा सेंटिमीटर होते. आपली एकटी बाहुलीच तेवढी जागा अडवून बसते. दिवाळीच्या किल्ल्यावरचा पहारेकरी दरवाजापेक्षा उंच का, याचे उत्तर हेच आहे. कोणतेही प्रतिरूप सगळ्या बाबतींत एकदम खरे असू शकत नाही. कशात खरे ठेवायचे ते आपण ठरवायचे असते आणि ते विसरायचे नसते.

चिलखत आणि पुरावा

आता सैनिक हातात घेऊ. इसवी सन १०१ ते १०६ या काळात सम्राट ट्राजनने डेशियाशी, म्हणजे आजच्या रुमानियातील राज्याशी, दोन युद्धे केली. त्यांची चित्रकथा रोममधील ट्राजनच्या स्तंभावर कोरलेली आहे. इसवी सन ११३ च्या या स्तंभावर अडीच हजारांहून अधिक आकृत्या आहेत आणि लीजनचे सैनिक बहुतेक सर्वत्र लोखंडी पट्ट्यांच्या चिलखतात दिसतात. पाठ्यपुस्तकांतला रोमन सैनिक इथूनच आला. पण रुमानियातच आदामक्लिसी येथे इसवी सन १०९ चे एक विजयस्मारक आहे. त्यावरचे सैनिक कड्यांच्या किंवा खवल्यांच्या चिलखतात आहेत आणि काहींच्या उजव्या हातावर धातूचे संरक्षक आवरण आहे. काळ तोच, सैन्य तेच. एक शिल्प राजधानीत घडले, दुसरे सीमेवर. कोणावर अधिक विश्वास ठेवायचा?

पट्ट्या एकमेकींना कशा जोडल्या होत्या, हेही शिल्पावरून कळत नव्हते. इंग्लंडमध्ये कॉर्ब्रिज येथे १९६४ मध्ये उत्खननात एक पेटी सापडली आणि तीत अशा चिलखतांचे भाग मिळाले. त्यांचा अभ्यास करून एच. रसेल रॉबिन्सन यांनी आतल्या बाजूच्या चामडी वाद्यांवर पट्ट्या रिव्हेटने बसवलेले, घालून चालता-वाकता येईल असे चिलखत पुन्हा उभे केले. २०१८ मध्ये जर्मनीत कालक्रीझ येथे इसवी सनाच्या सुरुवातीचे असेच चिलखत बरेचसे अखंड मिळाले. प्रत्येक शोधानंतर बाहुल्या घडवणाऱ्यांना आपले साचे तपासून पाहावे लागले.

लाल की पांढरा?

रंगाचा प्रश्न याहून अवघड. स्तंभाच्या संगमरवरावर आज रंग उरलेला नाही. चित्रपटांतले सैनिक लालभडक असतात. मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून लाल रंग मिळत असे, तेव्हा लाल अशक्य नाही. पण इसवी सन १३८ च्या इजिप्तमधील एका पपायरसवर कॅपाडोशियातील सैन्यासाठी विणकरांना दिलेली मागणी आहे आणि तीत अंगरखा व झगे पांढरे सांगितले आहेत. सीरियातील ड्युरा-युरोपॉस येथील भित्तिचित्रातही सैनिकांचे कपडे पांढरे आहेत. याच गावात तिसऱ्या शतकातील एक रंगीत ढाल मिळाली. ती लाकडाच्या पातळ पट्ट्या थरांनी चिकटवून, आजच्या प्लायवुडच्या तत्त्वावर केलेली आहे. तिच्या तांबड्या भूमीवर गरुड आणि सिंह आहेत. पण ती ट्राजनच्या सैनिकाला देता येत नाही. मध्ये शंभराहून अधिक वर्षे गेलेली आहेत.

सुरुवात करताना

विकतच्या प्लास्टिकच्या बाहुल्या असल्या तर साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, म्हणजे साच्याचे तेल जाऊन रंग धरतो. शाडूच्या असल्या तर पूर्ण वाळू द्याव्यात. मग अस्तराचा हात, त्यावर मूळ रंग, त्यावर पातळ केलेला गडद रंग. हा पातळ रंग खाचांत उतरून सावली देतो. उंचवट्यांवर शेवटी फिकट रंग लावावा. अंगरख्याला न रंगवलेल्या लोकरीचा मळकट पांढरा शोभतो. वर्गात एक गट लाल आणि एक गट पांढरे सैनिक रंगवो, मात्र प्रत्येकाने तळाशी आपला पुरावा लिहावा. पुरावा नसेल तर ‘अंदाज’ असे लिहावे.

शेवटी, टेबलावर जे येत नाही त्याचाही विचार व्हावा. डेशियन सैनिकाच्या हातात कोयत्यासारखे वाकडे पाते द्यावे लागते, आणि तेही रोमनांच्याच शिल्पांवरून. या युद्धांची डेशियनांनी सांगितलेली हकीकत आपल्यापर्यंत पोचलेली नाही. स्तंभावर जळणारी गावे आहेत, बायका-मुले आहेत, कैदी आहेत. खेळाच्या नियमांत त्यांना गुण नाहीत. वेल्स यांनीही आपल्या पुस्तकाच्या अखेरीस, खरे युद्ध किती ढोबळ चुकांनी भरलेले असते ते या खेळावरून उमगावे, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. तेव्हा सैन्य मांडताना पटाच्या कडेला एखादे डेशियन गाव जरूर मांडावे आणि मुलांना विचारावे: या गावाचे म्हणणे आपल्याला कुठून कळेल?