रातांबा, आमसूल आणि कॅप्सूल

मागच्या मे महिन्यात रत्नागिरीला गेलो होतो. आमटीत आमसुलं टाकता टाकता आत्याने फडताळातून एक प्लॅस्टिकची बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"कॉम्प्युटरवर बघून सांग रे, चालू ठेवू की नको? दुकानदार म्हणाला, वजन उतरतं आणि यात आपलं कोकमच आहे. मग बिघडणार काय?"

आत्याला मधुमेह आहे, गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. बाटली अर्धी संपली होती आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नव्हता! तोवर बंद ठेव, एवढं सांगून मी पुण्याला परतलो. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, पण "मग बिघडणार काय?" हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढचे दोन शनिवार-रविवार त्यातच गेले. त्याचा हा गोषवारा.

बाटलीवर लिहिलं होतं 'गार्सिनिया कॅम्बोजिया'. आपलं कोकम म्हणजे 'गार्सिनिया इंडिका'. कॅम्बोजिया हा त्याचा केरळकडचा चुलतभाऊ. तिकडे त्याची वाळवलेली साल माशाच्या कालवणात घालतात. दोघांच्याही सालीत एकच आम्ल असतं, त्यामुळे दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता. निम्मं खरं बोलला होता, आणि ते जास्त फसवं असतं.

कोकमाची दखल जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. १५६३ साली तिथेच छापलेल्या त्याच्या ग्रंथात या फळाचा उल्लेख 'ब्रिंदाँव' अशा नावाने येतो. आपल्या 'भिरंड'शी किती जुळतं बघा! म्हणजे चारशे वर्षांहून जास्त काळ हे फळ कोकणात नि गोव्यात खाल्लं जातंय. सार, सोलकढी, उन्हाळ्यात सरबत, भेगा पडलेल्या टाचांना कोकमतेल. पण 'बारीक होण्यासाठी' आमसूल खाणारा माणूस मी तरी आमच्याकडे पाहिलेला नाही.

ती कल्पना प्रयोगशाळेतून आली. कॅम्बोजियातला आंबटपणा सायट्रिक आणि टार्टारिक आम्लाचा, असा आधी समज होता. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी १९६५ साली दाखवलं की मुख्य आम्ल वेगळंच आहे, हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. १९६९ साली अमेरिकेत लोवेनस्टाइन आणि सहकाऱ्यांना दिसलं की साखरेपासून चरबी बनवण्याच्या कामातलं एक महत्त्वाचं एन्झाइम हे आम्ल अडवतं. सत्तरच्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. उंदीर कमी खाऊ लागले, वजनं कमी भरली. झालं! पुढे कॅप्सुलांचा धंदा उभा राहिला.

आता माणसाचं बघू. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक चाचणी छापून आली. १३५ जाडी माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना बेताचा आहार. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी गोळी. खऱ्या गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि रिकाम्या गोळीवाल्यांचं ४.१ किलो! (हा फरकही योगायोगात मोडणारा. थोडक्यात काय, उतरलं ते आहारामुळे.) नंतरच्या काही छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण २०११ साली सगळ्या एकत्र तपासल्या तेव्हा फरक एक किलोच्याही आत निघाला आणि काटेकोर चाचण्यांत तोही टिकला नाही.

असं का? आमच्या भाषेत सांगायचं तर, जे फंक्शन क्वचितच कॉल होतं ते बंद करून प्रोग्रॅमला फारसा फरक पडत नाही. प्रयोगातल्या उंदरांना भरपूर पिष्ट पदार्थ देत, आणि त्यांचं शरीर त्याची जोरात चरबी बनवतं. माणसाच्या अंगावरची बहुतेक चरबी खाल्लेल्या तेलातुपातूनच थेट येते.

तरीही २०१२ साली अमेरिकेत टीव्हीवरच्या एका प्रसिद्ध डॉक्टरांनी कॅम्बोजियाची भलामण केली आणि खप पुन्हा वाढला. नकारात्मक चाचणीला तेव्हा चौदा वर्षं होऊन गेली होती!

बरं, गुण नाही तर नाही, अपाय तरी नाही ना? इथे मी जरा सावरून बसलो. २०२२ साली अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांनी कॅम्बोजिया असलेल्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेले २२ रुग्ण नोंदवले. त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळीत ग्रीन टीचा अर्कही होता. २०२५ साली फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने तर कॅम्बोजियाची पूरकं घेऊच नका असं सांगितलं. तिच्याकडच्या तक्रारींत यकृताचे आजार होते आणि एक मृत्यूही होता. घेणाऱ्यांच्या मानाने असे रुग्ण थोडेच, मान्य. पण फायदा जवळपास शून्य असताना थोडा धोका तरी कशाला?

आणि "आपलं कोकमच"? कोकमाच्या सुक्या सालीत हे आम्ल साधारण दहा टक्के धरलं, तर चाचणीतल्या १५०० मिलिग्रॅमसाठी रोज १५ ग्रॅम आमसुलं हवीत. काट्यावर मोजली. मूठभर झाली! आमच्याकडे चौघांच्या आमटीला चार-पाच पुरतात. शिवाय कॅप्सुलीत बहुधा आम्लाचे क्षार असतात, कधी इतर अर्कही. आमटीची चारशे वर्षांची पुण्याई बाटलीला लागू होत नाही.

आपल्याकडे अशी पूरकं कायद्याने अन्नात मोडतात. नव्या औषधासारखी माणसांवरची चाचणी विक्रीआधी द्यावी लागत नाही. आत्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत लिहिलेलं होतंच. दुकानदाराने तेवढं सोडून बाकी सगळं वाचून दाखवलं होतं.

रविवारी आत्याला फोन केला. बाटली डॉक्टरांना नेऊन दाखव म्हटलं. तिने दाखवली. त्यांनी यकृताची तपासणी करून घेतली, ती सुदैवाने ठीक आली.

"म्हणजे सोलकढी पिऊ ना?"

"पी की! वजनासाठी नव्हे, चवीसाठी."

"आणि उरलेल्या गोळ्या टाकून देऊ? पैसे मोजलेत रे..."

असो. कोकणी माणसाला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं.