वाटाण्याचा वेल आणि आगकाड्यांची मौज

मंडळी, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत नेणारं पोर आपण नागपूरकर दरवर्षी पाहतो. बैल चाकांवर असतो, पण पोराच्या लेखी तो चालतच असतो. आज आपण बोलणार आहोत ते निर्जीव वस्तूंना पडद्यावर चालवणाऱ्या माणसांबद्दल. वस्तू केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची, पुन्हा एक चित्र. याला स्टॉप मोशन म्हणतात.

या कलेतलं जपानचं मोठं नाव म्हणजे किहाचिरो कावामोतो (१९२५–२०१०). बाहुल्या घडवणारा हा माणूस १९६३ मध्ये प्रागला यिर्झी त्र्न्का यांच्याकडे शिकायला गेला. गुरूंनी सांगितलं, आपल्या मातीतल्या परंपरेकडे बघ. मग ‘ओनी’ (१९७२) आणि ‘दोजोजी’ (१९७६) हे बाहुलीपट झाले. जपानच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘सान्गोकुशी’ या मालिकेसाठी त्यांनीच बाहुल्या घडवल्या. २००७ मध्ये ईदा शहरात त्यांच्या बाहुल्यांचं संग्रहालय उभं राहिलं.

आता साहजिकच विचारू, आपल्याकडे कोण? तर आपल्याकडे कावामोतोंच्या जन्माआधीच एक माणूस या वाटेला लागला होता. दादासाहेब फाळके!

फाळक्यांना आपण ‘राजा हरिश्चंद्र’साठी ओळखतो. पण त्या चित्रपटाला कर्ज मिळालं ते एका वाटाण्यामुळे. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर सावकाराला पटवायचं कसं, हा प्रश्न होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ अंकुराची वाढ टिपली. मिनिटभराची ती फिल्म पाहून यशवंत नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांचा विश्वास बसला.

रोज एकच चित्र घेतलं, असं सर्रास सांगतात. आपण जरा हिशेब करून बघू. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रं लागत, म्हणजे मिनिटाला ९६०. रोज एक घेतलं तर महिन्याची होतात ३०, आणि ती पडद्यावर दोन सेकंदांत संपतात! मिनिट भरायचं तर दिवसाकाठी तीसेक चित्रं हवीत. म्हणजे हा माणूस दिवसभरात पुन्हा पुन्हा त्या कुंडीपाशी जात असणार. दंतकथेत चमत्कार दिसतो, हिशेबात कष्ट दिसतात. आपल्याला हे कष्टच जास्त मोलाचे वाटतात.

१९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर आपोआप हलू लागल्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या, त्यामुळे हा जगातला पहिला प्रयोग नव्हे. पण महायुद्धाच्या काळात भांडवल आटलेलं असताना नाशिकला बसून केलेला तो आपला प्रयोग होता. काड्यांना ना नटाचा पगार, ना पोशाख. लागतो तो फक्त धीर.

पुढे काय झालं? प्रेक्षकांना हवे होते पौराणिक चित्रपट. ‘लंका दहन’ (१९१७) तुफान चालला. काड्यांचा खेळ मागे पडला आणि आज ती फिल्म पाहायलाही मिळत नाही. फाळके १९४४ मध्ये गेले.

फरक बुद्धीचा नव्हता. कावामोतोंना शिकवणारा गुरू भेटला, काम देणारी वाहिनी भेटली आणि बाहुल्या जपून ठेवणारं गाव भेटलं. फाळक्यांच्या काड्यांना यातलं एकही मिळालं नाही. एकट्याच्या प्रतिभेनं आरंभ होतो, पण परंपरा उभी राहायला मागणारे, शिकवणारे आणि सांभाळणारे लागतात.

तेव्हा या तान्ह्या पोळ्याला घरातल्या लाकडी बैलाकडे जरा निराळ्या नजरेनं बघू या. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. बैल केसभर सरकवा, फोटो घ्या, पुन्हा सरकवा. मुलांना सेकंदाचे १६ फोटो मोजायला सांगा. फाळके कोण होते, ते त्यांना व्याख्यानाशिवाय कळेल.