डिपॉझिटची वही



गेल्या महिन्यात घरातल्याच एका साखरपुड्याला आम्ही सगळे जमलो होतो. जेवणं झाल्यावर गप्पा रंगल्या आणि विषय निघाला घराचा. माझा पुतण्या, म्हणजे धाकट्या दिरांचा मुलगा, कल्याणला भाड्याने राहतो. चाळीस लाखांचं घर पाहिलंय म्हणाला. बँक बत्तीस लाखांपर्यंत देईल, पण वरचे आठ लाख स्वतःचे हवेत, शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी. ते काही जमत नाहीत. झालं! आमची पिढी त्याच्यावर तुटून पडली. "बाहेरचं खाणं बंद करा", "दर दोन वर्षांनी नवा मोबाइल कशाला?" आणि शेवटी कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, "काकूंकडून शीक. रद्दी विकून विकून डोंबिवलीत घर घेतलं त्यांनी!"

मी हसले आणि गप्प बसले. छत्तीस वर्षं मुलांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवलेल्या बाईने गप्प बसायला नको होतं. रात्री झोप लागेना. उठून ट्रंकेतली जुनी वही काढली.

ही वही म्हणजे परीक्षेचे पाठकोरे कागद सुई-दोऱ्याने शिवून केलेली. १९७४ ते १९८१ या वर्षांचा हिशोब तीत आहे. आज तो तुमच्यासमोर मांडते.

माझं लग्न १९७३ साली झालं. गिरगावातल्या चाळीत एक खोली, सासू-सासरे, धाकटे दीर आणि आम्ही दोघं. आमचे हे बँकेत कारकून, मी नुकतीच शाळेत लागलेली, दीर गिरणीत. खोलीचं भाडं महिना चौदा रुपये. आता हे चौदा रुपये ऐकून तरुण मंडळी हसतील. पण ती आमची हुशारी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली होती. दोघं-तिघं कमावते आणि भाडं चौदा रुपये, म्हणून तर काही शिल्लक पडे. पुतण्या आज पगाराचा तिसरा हिस्सा घरमालकाच्या हातावर ठेवतो. हा फरक आम्ही कधी लक्षातच घेत नाही.

ते दिवस मात्र कठीण होते, यात खोटं नाही. १९७२ चा दुष्काळ, पाठोपाठ तेलाचे भडकलेले भाव. १९७४ साली महागाई पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेली होती. रेशनच्या रांगेत तास तास उभं राहायचं, रॉकेल मिळालं तर दिवाळी. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तो हाच काळ. माझ्या सासूबाई एरवी चाळीचा जिना उतरत नसत, पण लाटणं घेऊन एका मोर्चाला जाऊन आल्या होत्या.

काटकसर म्हणाल तर कशाकशात नव्हती! शाळेला चालत जायचं, बसचे पैसे डब्यात टाकायचे. साबणाचे उरलेले तुकडे चेपून नव्या वडीला चिकटवायचे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. गहू घरी निवडायचे. चहात दूध बेताचं. रद्दी आणि बाटल्या विकून आलेले पैसे वेगळ्या पानावर लिहिलेले आहेत. आठ वर्षांत मिळून ४५० रुपये.

साठवलेलं ठेवायचं कुठे? घरात ठेवलं तर खर्च होणार. त्याला उत्तर होतं पोस्ट. पोस्टातली बचत बँक देशभर १८८२ पासून होती, पण माझ्यासारखीला उपयोगी पडली ती पाच वर्षांची आवर्त ठेव. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना निघाली आणि बायकाच एजंट झाल्या. आमच्या एजंट बाई पगाराच्या दुसऱ्या दिवशी बरोब्बर शाळेच्या मधल्या सुट्टीत हजर! पैसे घ्यायच्या, कार्डावर नोंद करायच्या. एखाद्या महिन्यात 'या वेळी राहू दे' म्हटलं, तर असं बघायच्या, की मुख्याध्यापकांपेक्षा त्यांचीच भीती वाटे. माझी बचत टिकली ती निम्मी त्या बाईंमुळे. पहिलं खातं पंधरा रुपयांचं, दुसरं पंचवीसचं. दोन्हींचे व्याजासह ३,१५० रुपये झाले. पण मघाची महागाई आठवा. १९७४ साली पोस्टाचं व्याज तिच्या पासंगालाही पुरत नव्हतं. 

चाळीत दुसरी खोली घ्यावी, तर पागडी. भाडे कायद्याने पागडी घेणं गुन्हा होता, तरी ती दिल्याशिवाय खोली मिळत नसे. (पुढे १९९९ च्या कायद्याने ती रीतसर झाली.) आमच्या चाळीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, गावदेवीत, १९१५ साली तालमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. देशातल्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. त्या इमारतींवरून जाताना मला नेहमी वाटे, एकट्याने घर होत नाही हे या लोकांना किती आधी कळलं!

शेवटी १९८१ च्या दिवाळीनंतर डोंबिवलीला एक घर पसंत पडलं. चारशे चौरस फूट, किंमत ६०,००० रुपये. १९६३ च्या ओनरशिप फ्लॅट्सच्या कायद्यात एक कलम आहे. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या वीस टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम किंवा डिपॉझिट घेता येत नसे. आमच्या बिल्डरने बरोबर वीस टक्केच मागितले. म्हणजे बारा हजार.

आता वहीचं शेवटचं पान जसं आहे तसं देते.

पोस्ट : ३,१५०
रद्दी, बाटल्या, बसचे पैसे : ४५०
पाटल्या : ३,९००
शिक्षकांची पतपेढी, कर्ज : २,०००
भाऊजी : २,५००
एकूण : १२,०००

गणिताच्या बाई नव्हते मी, तरी बेरीज कळते. काटकसरीचे म्हणावेत असे पैसे पहिल्या दोन ओळींतले. ते ३,६००. बारा हजारांचा तिसरा हिस्साही नाही.

पाटल्या माझ्या आईने लग्नात घातलेल्या, दोन तोळ्यांच्या. १९७३ साली सोनं दहा ग्रॅमला तीनशेच्या आसपास होतं, १९८१ साली अठराशेच्या. पोस्टाने जे केलं नाही ते आईच्या पाटल्यांनी केलं, आणि त्यासाठी मी चहातलं दूध कमी केलं नव्हतं. पतपेढीचं कर्ज मिळालं ते कायम नोकरी होती म्हणून. उरलेले अठ्ठेचाळीस हजार ह्यांच्या बँकेने कर्मचारी म्हणून सवलतीच्या व्याजाने दिले. तसं कर्ज सर्वांना मिळत नसे. सामान्य पगारदाराला घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी १९७७ साली निघाली, तोवर बहुतेकांना घर म्हणजे निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून घ्यायची गोष्ट होती.

आणि राहिली भाऊजींची ओळ. आमच्या घराच्या गोष्टीत ती कुणी सांगत नाही. मीही सांगितली नाही.

भाऊजींचं लग्न १९८२ च्या उन्हाळ्यात ठरलं होतं. त्यासाठी त्यांनी अडीच हजार साठवले होते. डिसेंबरात आम्हाला तेवढेच कमी पडत होते. त्यांनी आपण होऊन आणून दिले. म्हणाले, "वहिनी, तुमचं घर झालं की खोली मोकळी होईल. मग माझं लग्न. मे महिन्यापर्यंत परत करा म्हणजे झालं." आम्ही डिपॉझिट भरलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. भाऊजी काही महिने चाळीत बसून होते, मग भिवंडीला यंत्रमागावर गेले. गिरणीत परत घेतलं नाही. आमचे हप्ते सुरू झाले होते, पतपेढीची कपात होती, मुलगी लहान होती. मे महिना आला आणि गेला. त्यांनी एकदाही पैशाचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही, हे जास्त वाईट. ठरलेलं स्थळ मोडलं. पैसे आम्ही १९८६ साली परत केले, पाच हप्त्यांत, बिनव्याजी. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. चार वर्षं गेली होती.

भाऊजी २०१४ साली गेले. तोपर्यंत दर दिवाळीला डोंबिवलीच्या घरी येत आणि गॅलरीत बसून म्हणत, "वहिनी, हवा छान आहे इथे." मला त्यातही काही बोच दिसली नाही, कारण ती नव्हतीच. माणूसच तसा होता.

परवाच्या साखरपुड्यात आम्ही सगळे ज्याला काटकसर शिकवत होतो, तो त्यांचा मुलगा. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

काटकसर वाईट असं मी म्हणत नाही. साबणाचे तुकडे मी अजून चिकटवते! पण गोठलेलं भाडं, कायम नोकरी, आईचं सोनं, स्वस्त कर्ज आणि एका माणसाचं लांबलेलं लग्न एवढं सगळं वजा करून 'आम्ही रद्दी विकून घर घेतलं' असं सांगायचं, आणि तेही ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांना, हा हिशोब खोटा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे.

आता एक शेवटचं गणित. डिसेंबर १९८१ मध्ये अडीच हजारांत जवळपास चौदा ग्रॅम सोनं आलं असतं. १९८६ साली तेवढ्याच पैशांत बारा ग्रॅमही येत नव्हतं. म्हणजे मुद्दलातच दोन ग्रॅम आणि वर चार वर्षांचं व्याज आमच्याकडे राहिलं. मी पुतण्याला काल फोन केला. त्याच्या आठ लाखांत माझा काही वाटा असेल असं सांगितलं. "काकू, असं काय करता, नको," म्हणाला.

मी म्हटलं, "देणगी नाही रे, थकबाकी आहे. रविवारी ये. वही दाखवते."

येतो म्हणाला आहे.