नव्वद नंबरचं तेल

कुर्ला पश्चिमेला प्रीमिअर रोड आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे होता. कारखाना गेला, रस्त्याला नाव राहिलं. तिथून फियाट निघाली. १९७४ पासून ती पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हे मुंबईत ठरूनच गेलं. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी तीही रस्त्यावरून गेली. पण तिच्या काळातली एक भाषा गॅरेजांत अजून शिल्लक आहे: ‘गिअरमध्ये नव्वद नंबर टाका.’

हा नव्वद आहे काय? इंजिन ऑइल चाळीस नंबरचं, म्हणजे गिअर ऑइल दुपटीहून जाड, असा आपला हिशेब. तो चुकतो. एसएई या संस्थेने इंजिन आणि गिअर यांच्यासाठी दोन वेगळ्या फूटपट्ट्या केल्या. नव्वद नंबरचं गिअर ऑइल जाडीला साधारण चाळीस-पन्नास नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच असतं. शिवाय नंबर सांगतो तो फक्त जाडी. तेलात काय मिसळलंय, हे तो सांगत नाही. खरी गोष्ट तिथेच आहे.

थोडं मागे जाऊ. १९२६ साली अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने हायपॉइड क्राउन-पिनियन आणलं. त्यामुळे गाडी बुटकी करता आली, पण हे दाते एकमेकांवर जबर दाबाने घासत सरकतात. साधं तेल तिथे टिकेना, म्हणून गंधक-फॉस्फरसची रसायनं मिसळलेली तेलं आली. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणला. त्यातली रिंग, बहुधा पितळेची, गिअरला घासून त्याची गती जुळवते, मग गिअर आवाज न करता पडतो. म्हणजे एकाला घर्षण नको, दुसऱ्याचं घर्षणावाचून चालत नाही! तेल फार निसरडं असेल तर रिंग पकड घेत नाही, गिअर करकरतो. आणि तीव्र गंधक पितळेला खातं.

जीएल-४ आणि जीएल-५ हे वर्ग याच भांडणातून आले. जीएल-५ मध्ये ही रसायनं जास्त, कारण ते मुख्यतः हायपॉइडसाठी. आपण मात्र पाचवी इयत्ता चौथीच्या पुढची, या न्यायाने ते ‘भारी’ म्हणून घेतो. पद्मिनीत गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग वेगवेगळं होतं, दोन्हींचा विचार स्वतंत्र करता येई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिची पुढची चाकं ओढतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात. पण आडव्या इंजिनामुळे तिथे हायपॉइडची गरजच उरली नाही. मग जीएल-५ कशासाठी?

घाटकोपरहून मुलुंडला एलबीएस मार्गाने संध्याकाळी जाऊन पाहा. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला. शेकडो वेळा तीच रिंग घासते. ती गेली की गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि ज्याचं पोट गाडीवर आहे त्याचे दिवस बुडतात. आणि हे सगळं दोन-एक लिटर तेलाच्या निवडीमुळे.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं शब्दाच्या मुळाशी जातो. ‘योग्य’ हा शब्द ‘युज्’ धातूचा, म्हणजे जोडणं. योग्य म्हणजे सर्वांत भारी नव्हे. जे जुळतं ते योग्य. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत तर इंजिन आणि गिअर एकाच तेलात चालत, आणि तिथे तेच योग्य होतं. म्हणून गाडीचं पुस्तक उघडावं, नंबर आणि वर्ग दोन्ही वाचावेत. तिथे जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४; जीएल-५ लिहिलं असेल तर तेच. दुकानदार ‘हे त्याहून वरचं आहे’ म्हणाला, तर त्याला एवढंच विचारावं: वरचं, पण कशासाठी?