अंतराचा हिशेब

तारेने बोलायचे, तर अंतर जितके जास्त तितकी तार जास्त आणि खर्चही जास्त. समुद्रातही नियम तोच. १९५६ साली स्कॉटलंड व न्यूफाउंडलंड यांच्या दरम्यान अटलांटिकच्या तळावरून दूरध्वनीची पहिली केबल-जोडणी सुरू झाली. हजारो किलोमीटर लांबीच्या या जोडणीतून सुरुवातीला एका वेळी जेमतेम ३६ संभाषणे होऊ शकत. साहजिकच समुद्रापारचा फोन ही चैन होती.

६ एप्रिल १९६५ रोजी 'अर्ली बर्ड' ऊर्फ इंटेलसॅट-१ हा उपग्रह सोडण्यात आला आणि हिशेबच बदलला. व्यापारी दळणवळणासाठी भूस्थिर कक्षेत ठेवलेला हा पहिला उपग्रह. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो २४० दूरध्वनी-जोडण्या किंवा एक टीव्ही कार्यक्रम अमेरिका व युरोप यांच्यात पोचवू शके. दोन भूकेंद्रे त्याच्या टप्प्यात असली, की त्यांच्यातले अंतर पाचशे किलोमीटर आहे की पाच हजार, याने उपग्रहाचा खर्च बदलत नाही.

पण हा खर्च जवळजवळ सगळा आधीच करावा लागतो, आणि वर गेलेला उपग्रह बिघडला तर तिथे कारागीर पाठवता येत नाही. म्हणून त्याचे आयुष्य हाच अर्थकारणाचा कणा. अर्ली बर्डकडून १८ महिन्यांची अपेक्षा होती. तो सुमारे चार वर्षे राबला. म्हणजे दरवर्षी वाट्याला येणारा भांडवली खर्च अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी झाला.

मग केबल मोडीत निघाली का? नाही. १९८८ साली अटलांटिकखालून प्रकाशतंतूंची केबल सुरू झाली. तिची क्षमता सुमारे ४०,००० संभाषणांची होती. शिवाय उपग्रहाची एक अडचण पैशाने सुटणारी नव्हती. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे: संदेश ३६,००० किलोमीटर वर जाऊन तितकाच खाली येतो, प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. उत्तर येते ०.२४ सेकंद. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत जवळजवळ अर्धा सेकंद! बोलणाऱ्याला तो खटकतो.

टीव्ही पाहणाऱ्याला मात्र तो जाणवतही नाही. १९७५-७६ साली आपल्याकडील 'साइट' प्रयोगात नासाच्या एटीएस-६ उपग्रहाने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोचवले. गावात हवा होता एक टीव्ही संच आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची ३ मीटर व्यासाची तबकडी. केबल टाकायची, तर प्रत्येक विखुरलेल्या गावापर्यंत वेगळी न्यावी लागली असती. उपग्रहाला मात्र शंभर गावे काय नि हजार काय, सारखीच.

नवे तंत्र आले की जुने संपते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. इथे तसे घडले नाही. दोघांना जोडायला केबल स्वस्त पडली, आणि एकाचे अनेकांपर्यंत पोचवायला उपग्रह. कोणते यंत्र श्रेष्ठ, हे विचारण्याआधी कोणाला, किती जणांशी बोलायचे आहे, हे विचारायला हवे.