एक नांव, दोन जीव
(नभोवाणीवरील भाषण)

एकाच माणसाचें नांव दोन जीवांना मिळालें आहे. एक माकड आणि दुसरा चिमुकला गाणारा पक्षी. मास्तरकीच्या दिवसांत हे दोघेही आपल्या दख्खनचेच, असें मी मुलांना बेधडक सांगत असें. ती चूक आज दुरुस्त करावयाची आहे.

तो माणूस म्हणजे विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२). पेशवाई १८१८ सालीं बुडाली. पुढें १८२४ मध्यें मुंबई सरकारनें या लष्करी अंमलदारास दख्खनची आंकडेवार माहिती जमविण्यास नेमलें. पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड या मुलुखांतील जमीन, पिकें, हवामान यांची नोंद करतां करतां तो पशुपक्षीही टिपीत गेला. त्याच्या याद्या १८३१-३२ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या वृत्तांत प्रसिद्ध झाल्या.

त्यांतील तांबूस, तुरेवाल्या चंडोलाचें शास्त्रीय नांव 'देवा' असें आहे. हा पक्षी भारताबाहेर कोठेंही आढळत नाहीं. पांढऱ्या गळ्याच्या माकडाचें वर्णनही साइक्सनेंच १८३१ मध्यें केलें. परंतु तें मूळचें आफ्रिकेचें. इथिओपियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचीं रानें हें त्याचें घर. आपल्याकडील वानराशीं त्याची गल्लत करूं नये.

आतां दोघांचे संसार पाहा. माकड कळपानें झाडांवर राहतें, फळें-पानें खातें. पिलूं आईच्या पोटास बिलगून हिंडतें. चंडोल उघड्या खडकाळ माळावर बिया व किडे टिपतो, जमिनीवरच घरटें करतो आणि त्यांत दोन-तीन अंडीं घालतो. नक्कल करण्याची ख्याति माकडाची. परंतु इतर पक्ष्यांचे आवाज गाण्यांत हुबेहूब उतरवितो तो हा चंडोल!

खरा भेद पुढेंच आहे. झाडें तोडलीं कीं माकड बेघर होतें. माळावर दाट झाडें लावलीं कीं चंडोल बेघर होतो. सरकारी दप्तरांनीं माळास 'पडीक' म्हटलें आणि आम्हीं तें खरें मानलें. नांदगांवाभोंवतींच्या माळांवर मीं स्वतः मोठ्या हौसेनें मुलांकडून रोपें लावविलीं. हेतु चांगला होता. जागा मात्र चुकली. झाडें गांवांत, बांधावर, ओढ्याकांठीं अवश्य लावावीं. माळ मात्र माळच राहूं द्यावा, कारण तेथें आधींच कोणाचें तरी बिऱ्हाड आहे.