‘शारीर’ : एका संज्ञेचे विद्यापीठीय चरित्र

वसाहतकालीन शिक्षणातील भाषेच्या प्रश्नाची चर्चा साहित्याचे अभ्यासक बहुधा मेकॉलेच्या २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणापासून सुरू करतात. परंतु त्याआधी पाच दिवस, २८ जानेवारी १८३५ रोजी, बेंटिंकच्या शासनाने काढलेल्या आदेशाने हा प्रश्न वैद्यकापुरता निकालात निघाला होता. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजातील व मदरशातील वैद्यकाचे वर्ग आणि १८२२ मध्ये स्थापन झालेली ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ ही तिन्ही त्या आदेशान्वये बंद झाली आणि त्यांच्या जागी इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज आले. ज्याला आज ‘पर्यायी वैद्यक’ म्हटले जाते, त्याच्या विद्यापीठीय अध्ययनाचा इतिहास म्हणूनच भाषांतराचाही इतिहास ठरतो.

या संक्रमणाच्या केंद्रस्थानी मधुसूदन गुप्त हे वैद्य उभे आहेत. संस्कृत कॉलेजात ते आयुर्वेद शिकवीत. हूपर यांच्या शरीररचनेवरील इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे त्यांनी संस्कृतात भाषांतर केले. १८३५–३६ मध्ये त्यांनीच संपादिलेली सुश्रुतसंहिता मुद्रित झाली आणि १८३६ मध्ये नव्या कॉलेजात त्यांनी शवविच्छेदन केले. वर्ग बंद झाला, त्याच सुमारास ग्रंथ छापून बाहेर पडला. जिवंत अध्यापनपरंपरेकडून संपादित संहितेकडे झालेला हा प्रवास साहित्याच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये.

या प्रवासात ‘शारीर’ या संज्ञेचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात दहा अध्याय आहेत. त्यांचा आरंभ अव्यक्तापासून होणाऱ्या सृष्टीच्या विचाराने होतो. पुढे गर्भाची उत्पत्ती, अवयवांची गणना, मर्मे, सिरावेध असे विषय येतात आणि शेवट गर्भिणीच्या परिचर्येने होतो. प्रेत वाहत्या पाण्यात ठेवून ते कुजल्यावर थराथराने पाहण्याची रीतही येथेच सांगितली आहे. हाडांच्या संख्येविषयी वेदवादी ३६० मानतात, शल्यतंत्रात मात्र ३०० मानतात, अशी दोन्ही मते नोंदवून ग्रंथकार पुढे जातो. दर्शन, प्रसूती आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांना एकाच संज्ञेने येथे एकत्र धरले होते.

विसाव्या शतकात आयुर्वेद पुन्हा शिक्षणसंस्थांत आला, तेव्हा ही संज्ञा तशीच राहिली. आशय मात्र बदलला. गणनाथ सेन यांच्या ‘प्रत्यक्षशारीरम्’ (१९१३) या ग्रंथाने आधुनिक शरीररचनाशास्त्र संस्कृतात मांडले. भाषा ऋषींची, आराखडा पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकाचा! तरीही याला केवळ अनुकरण म्हणणे अन्यायाचे होईल. संस्कृत ही आधुनिक ज्ञानाची भाषा होऊ शकते, हा त्यामागील दावा होता. बनारस हिंदू विद्यापीठात १९२७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले. ‘मिश्र’ आणि ‘शुद्ध’ अभ्यासक्रमांचा वाद मात्र देशभर चालूच राहिला. १९६० मध्ये बनारसच्या त्या महाविद्यालयाचे रूपांतर आधुनिक वैद्यकाच्या महाविद्यालयात झाले आणि १९६३ मध्ये आयुर्वेद तेथे पदव्युत्तर संस्थेच्या रूपाने परतला. पुढे १९७० च्या केंद्रीय कायद्याने अखिल भारतीय अभ्यासक्रमाचा मार्ग मोकळा केला. आजच्या पदवी अभ्यासक्रमात ‘रचनाशारीर’ आणि ‘क्रियाशारीर’ असे दोन विषय आहेत. संज्ञा संस्कृत आहेत. त्यांच्यातील सीमारेषा मात्र पाश्चात्त्य वैद्यकातील विभागणीवरून आखलेली आहे.

या चिकित्सापद्धतींची परिणामकारकता हा प्रस्तुत निबंधाचा विषय नाही; तिचा निर्णय चिकित्सालयीन कसोटीवरच व्हावयास हवा, तेथे ग्रंथाचे प्राचीनत्व उपयोगी पडत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. विद्यापीठात स्थान मिळविताना या ज्ञानपरंपरेने शब्द राखले आणि शब्दांमधील नाती सोडून दिली. विद्यार्थ्याला हाडांच्या तिन्ही संख्या पाठ होऊ शकतात, आधुनिक गणनेतील २०६ सुद्धा. पण त्या वेगवेगळ्या का आहेत, गणनेचा निकष कोणता होता, हे विचारण्यासाठी वैद्यकाइतकीच पाठचिकित्साही शिकवावी लागते. ती जबाबदारी आयुर्वेदाच्या विभागांवर सोपवून साहित्याच्या विभागांना मोकळे होता येणार नाही.